बेंचवरचं विमान

बेंच या शब्दाचे आमच्या घरात दोन अर्थ आहेत. बाबांचा बेंच म्हणजे टूलरूममधला जाड फळीचा, व्हाइस बसवलेला बेंच. पिंपरीतल्या एका कंपनीत त्यांनी त्याच्यासमोर बावीस वर्षं उभं राहून काम केलं. माझा बेंच म्हणजे प्रोजेक्ट संपलंय, दुसरं मिळालेलं नाही, पगार चालू आहे आणि तो किती दिवस चालू राहील हे कुणी सांगत नाही, ही अवस्था. त्यांच्या बेंचवर काम असायचं, आमच्या बेंचवर ते नसतं. आयटीत असाल तर यावर हसू आलं नसेल.

बेंचवरचा माणूस काय करतो? ऑनलाइन कोर्स करतो, रेझ्युमे घासूनपुसून ठेवतो, दिवसातून चाळीस वेळा मेल उघडतो. तिसऱ्या आठवड्यात मला या सगळ्याचा वीट आला आणि मी विमानाचा प्लास्टिक किट मागवला. एअरफिक्सचा टायगर मॉथ, दोन पंखी, म्हणजे बायप्लेन. स्केल १/७२.

हे ७२ आलं कुठून, असं मलाही वाटलं होतं. उत्तर फूट-इंचांत आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. या स्केलमध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. खऱ्या टायगर मॉथच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८.९४ मीटर. भागिले ७२ केलं की १२.४ सेंटिमीटर. तुमच्या हातातल्या फोनपेक्षाही कमी.

डी हॅविलँड कंपनीचं हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ला पहिल्यांदा उडालं. काम एकच, नवशिक्यांना उडायला शिकवणं. पुढे एक सीट, मागे एक. १३० हॉर्सपॉवरचं इंजिन. ब्रेक नाहीत, स्टार्टर नाही. कुणीतरी पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, म्हणजे पंपाचीही गरज नाही, इंधन आपल्या वजनाने खाली येतं. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात हैदराबादजवळच्या बेगमपेठला आणि जोधपूरला वैमानिक घडवणाऱ्या शाळा होत्या, तिथे याच विमानावर पोरं शिकली. जगभरात अशी आठ हजारांहून जास्त विमानं तयार झाली.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडला होता. पंख दोन कशाला?

मी मेकॅनिकलचा पदवीधर. कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली आणि मी कोड लिहायला लागलो, आपल्याकडच्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांची हीच गोष्ट. फर्स्ट इयरला ट्रसची गणितं केली होती. अमुक सांध्यावर इतका भार, तर तमुक दांडीत ताण किती. पास झालो आणि विसरलो. ती गणितं या विमानात भेटली.

सुरुवातीच्या विमानांचे पंख पातळ असायचे, लाकडाचे आणि कापडाचे. एकच लांब पंख केला तर तो वाकणार, मोडणार. १८९६मध्ये ऑक्टेव्ह शनूत नावाच्या माणसाने अमेरिकेत मिशिगन तलावाच्या काठावर एक ग्लायडर उडवून पाहिलं. शनूत मूळचा रेल्वेचा इंजिनिअर, पूल बांधणारा. त्याने दोन पंख एकावर एक ठेवले, मधे उभ्या दांड्या दिल्या आणि तिरप्या तारांनी सगळं ताणून बांधलं. म्हणजे रेल्वेच्या पुलाला असतो तोच प्रॅट ट्रस. पुढे राइट बंधूंनी तीच बांधणी उचलली. रेल्वेतून जाताना खिडकीबाहेर पुलाच्या लोखंडी कैच्या सटासट मागे पडतात ना, त्यांचा हलका, उडणारा भाऊ म्हणजे बायप्लेन. एकटा पंख कमजोर, पण दोन पंख, दांड्या आणि तारा मिळून एक पेटी तयार होते, आणि पेटी सहजी वाकत नाही.

हे समजल्यावर किटकडे बघण्याची नजर बदलली.

किट म्हणजे करड्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले भाग, एक सूचनापत्र आणि पाण्यात भिजवून लावायची चित्रं. आधी चौकटी साबणाच्या पाण्यात धुवायच्या, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग भाग कापायचे, तेही अगदी अंगालगत नाही, थोडं अंतर ठेवून. उरलेला कोंब कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने घासायचा. गोंद पातळ असतो, बाटलीच्या झाकणातच बारीक ब्रश. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश लावायचा, गोंद आपोआप आत ओढला जातो. तो प्लास्टिकला चिकटत नाही, प्लास्टिकच विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात.

बाबा पेपर वाचता वाचता हे बघत होते. म्हणाले, "म्हणजे हे वेल्डिंगच की."

ते तेवढंच बोलले. मी बेंचवर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नव्हतं. आई चहा दोनदा विचारायची, तो तिचा मार्ग. बाबा काहीच विचारायचे नाहीत. 

बायप्लेनमध्ये सगळा खेळ क्रमाचा असतो. आधी रंग की आधी जोडणी? दोन्ही पंख लागल्यावर मधल्या जागेत ब्रश जात नाही. म्हणून पंख वेगळे असतानाच रंगवायचे. युद्धाआधीची ब्रिटिश प्रशिक्षण विमानं पिवळी असत, लांबून दिसावीत आणि बाकीच्यांनी चार हात दूर राहावं म्हणून. आपल्याकडे शिकाऊ गाडीवर लाल 'एल' असतो, तसंच. पिवळा रंग करड्यावर बसत नाही. खाली पांढरा द्यावा लागतो, त्यावर पिवळ्याचे पातळ हात, एक वाळला की दुसरा. चार दिवस त्यातच गेले, आणि त्या चार दिवसांत मेल किती वेळा उघडला ते मोजावंसं वाटलं नाही.

मग आला वरचा पंख. बायप्लेन बनवणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा इथेच असते. मधे आठ दांड्या, काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक. चार धडाजवळ, दोन-दोन दोन्ही बाजूंना. आठही एका वेळी आपापल्या खड्ड्यात बसल्या पाहिजेत आणि गोंद वाळेपर्यंत हलता कामा नयेत. त्यात टायगर मॉथचा पंख सरळ नाही. मागे झुकलेला आहे, खालच्यापेक्षा थोडा पुढे आहे, आणि टोकाकडे वर चढत जातो.

हा झुकाव दिसायला देखणा, पण तो देखणेपणासाठी दिलेला नाही. आधीच्या मॉथ विमानात पुढची सीट बरोबर वरच्या पंखाखाली, चारही बाजूंनी दांड्या आणि तारा. पॅरॅशूट पाठीला बांधलेल्या माणसाला संकटात त्यातून बाहेर पडणं कठीण. हवाई दलाला हे चालणार नव्हतं. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. पण पंख पुढे गेला की विमानाचा तोल बिघडतो. मग टोकं मागे झुकवली, तोल परत जागेवर आला. माणसाला बाहेर पडता यावं म्हणून सगळ्या विमानाचा आकार बदलला.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा बदलला आणि विचारलं, "आणि हे जोडताना धरणार कशात?"

"हातात."

"हातात किती वेळ धरशील? जिग कर."

पुढचा तास मी फक्त बघत होतो. ओटा करताना उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा बाल्कनीतून आला, पुसला गेला. सरफेस प्लेट. कुरिअरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून त्याला व्ही आकाराची खाच दिली, शेपटी टेकवायला. मग म्हणाले, "विमान उलटं कर." वरचा पंख पालथा ग्रॅनाइटवर. पंख टोकांकडे चढता असल्यामुळे पालथा केल्यावर टोकं टेकली आणि मधला भाग अधांतरी राहिला. तिथे पॅकिंग हवं, सारख्या जाडीचं, एकेक पान कमी-जास्त करता येईल असं. मी ड्रॉवरमधून माझी व्हिजिटिंग कार्डं काढून दिली. नोकरी लागली तेव्हा मिळालेला गठ्ठा, त्यातली दहाही वाटली गेली नव्हती. बाबांनी बोटाने जाडी बघितली. "चांगलं कार्ड आहे," म्हणाले. सात लागली.

आठ दांड्या पालथ्या पंखात उभ्या केल्या. गोंद अर्धवट धरल्यावर धड त्यांच्यावर उतरवलं. बाबांनी तेलकट कागदात गुंडाळलेला व्हर्निअर काढला. मी घ्यायला गेलो तर म्हणाले, "झिरो एरर बघितलास का?" वर्कशॉपच्या तोंडी परीक्षेतला प्रश्न. डाव्या टोकापासून शेपटीपर्यंत किती, उजव्या टोकापासून किती. दोन्ही सारखे यायला हवेत. खऱ्या विमानाची जुळणी करणारे फिटरही हीच मापं घेत.

"आता हात लावायचा नाही. सकाळी बघू."

पण दोघंही तिथून उठलो नाही. आणि बाबा बोलायला लागले.

मी सातवीत असताना त्यांनी व्हीआरएस घेतली, एवढंच मला ठाऊक होतं. त्या रात्री बाकीचं कळलं. "सीएनसी आलं. लोक म्हणायचे, मशीनला काय कळतंय. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा चांगला जॉब काढायचं ते. पण सुरुवातीला रिजेक्शन फार येत होतं. का, ते कुणाला कळेना. जॉब नीट धरलेलाच नव्हता. कापणं मशीनचं, पण धरायचं कुठे, किती दाबायचं, ते माणसाने ठरवायला लागतं. मी फिक्स्चर करून दिलं. रिजेक्शन थांबलं. सहा महिन्यांनी व्हीआरएसचा कागद आला." जरा थांबून म्हणाले, "ते फिक्स्चर माझ्यानंतर बरीच वर्षं चालू होतं म्हणे."

मी गप्प राहिलो, कारण हीच गोष्ट माझ्याकडेही होती. कोड लिहिणारं टूल आमच्या टीममध्ये आलं, तेव्हा ते चुकत होतं. कुठला नियम पाळायचा, कुठली चाचणी लावायची, कुठे थांबायचं, हे चार महिने बसून मी लिहून काढलं. टूल नीट चालायला लागलं. मग टीम अकराची चार झाली. त्या चारांत मी नव्हतो.

हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "होईल सगळं नीट" म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"राग आला होता?" मी विचारलं.

"मशीनचा नाही. एकानेही येऊन विचारलं नाही की हे फिक्स्चर कसं सुचलं. त्याचा आला होता."

मग मी विचारलं. कसं सुचलं होतं? रात्री साडेबारापर्यंत ते पेपरच्या कडेला पेन्सिलने आकृत्या काढून सांगत होते.

सकाळी विमान सुलटं केलं. वरचा पंख बसला होता. दोन्हीकडची मापं सारखी.

उरल्या तारा. खऱ्या विमानात दोन प्रकारच्या असतात. हवेत असताना पंख विमानाला उचलतात, तेव्हा ताण घेणाऱ्या वेगळ्या. जमिनीवर पंखच लोंबतात, तेव्हा त्यांना धरणाऱ्या वेगळ्या. एक प्रकार कामावर असतो तेव्हा दुसरा जवळजवळ मोकळा. खरी तार सहा मिलिमीटरची धरली तर या स्केलमध्ये ती केसाएवढी होते. त्यासाठी किटची रिकामी चौकट कामी येते. तिचा तुकडा ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की ज्योतीबाहेर घेऊन दोन्हीकडे ओढायचा. हळू ओढला तर जाड, पटकन ओढला तर केसासारखा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना जवळचं बारीक काम नीट दिसत नाही, पण ओढण्याचा वेग त्यांच्या हाताला तिसऱ्या खेपेला कळला. आईच्या निरांजनावर हे चाललंय म्हणून ती दोनदा रागावली. ते तार ओढत होते, मी चिमट्याने लावत होतो.

विमान आता वायफायच्या राउटरवर उभं आहे. मी अजून बेंचवरच आहे. दोन मुलाखती झाल्या, एक व्हायची आहे. हाताने काहीतरी बनवा म्हणजे नोकरीची चिंता जाते, असं मी म्हणणार नाही. जात नाही. पण संध्याकाळी घरात बोलायला विषय असतो.

दुसरं बायप्लेन ठरलं आहे, वेस्टलँड वापिटी. १ एप्रिल १९३३ला कराचीत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, ती अशा चार विमानांवर. किट सहज मिळण्यासारखा नाही, म्हणून बाबा फोटोंवरून मापं काढतायत. वैमानिकांबद्दल त्यांना फारसं कुतूहल नाही. पहिल्या दिवसापासून त्या स्क्वॉड्रनमध्ये 'हवाई सिपाही' होते, म्हणजे विमानांची देखभाल करणारे भारतीय कारागीर, हे मी वाचून दाखवलं, तेव्हा मात्र त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"त्यांच्याबद्दल काय काय मिळतंय ते बघ," म्हणाले. "नावं मिळतात का ते बघ."