सलाईनला मिळणारं श्रेय

मी नांदेडला मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. पूर्णा, चुडावा, लिंबगाव या रेल्वेपट्ट्यातून पॅनिक डिसऑर्डरचा रुग्ण माझ्याकडे येतो, तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा रिपोर्टांनी फुगलेली पिशवी असते. ईसीजी, टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. आणि जागोजागी ऐकलेलं एकच वाक्य : ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’ माझं भांडण या वाक्याशी आहे. हृदय ठीक आहे, हे खरं. पण काही झालेलं नाही, हे साफ खोटं. त्या माणसाला एक आजार झालेला असतो. त्याला नाव आहे आणि त्यावर चांगला उपचारही आहे.

चुडाव्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नांदेडला निघालेल्या भरल्या डब्यात त्याचा जीव एकाएकी घाबरा झाला. छातीत धडधड, दरदरून घाम, श्वास पुरेना, हातापायाला मुंग्या, आणि ‘आता मी मरतो’ ही खात्री. लोकांनी त्याला उतरवून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, बरं वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं, तेही झोपेतून उठवून.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात आपोआप उतरतो. खेड्यात जीपगाडी मिळेपर्यंत, डॉक्टर येईपर्यंत, सुई टोचेपर्यंत तो उतरणीला लागलेला असतो. मग श्रेय सलाईनला जातं. अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला, साखरपाणी दिलं असेल तर साखरपाण्याला. हे श्रेय महागात पडतं. रुग्णाच्या मनात पक्कं बसतं, की ‘त्या दिवशी सलाईन मिळालं म्हणून वाचलो.’ मग जिथे दवाखाना जवळ नाही तिथे तो जात नाही. आमच्या तरुणानं आधी रेल्वे सोडली, मग बाजार सोडला, शेवटी एकट्यानं शेतात जाणंही सोडलं. अटॅक महिन्याला एखादा. त्याच्या धास्तीनं दिवस मात्र सगळे खाल्ले.

हा त्रास नवा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांमधली अशीच धडधड डा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये नोंदवली आणि तिला ‘इरिटेबल हार्ट’ म्हटलं. १९६०च्या आसपास मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना दिसलं, की इमिप्रामिन या औषधानं हे अटॅक थांबतात. १९८० मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी त्याचं चक्र मांडलं : छातीत जरा धडधडलं, की मन त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतं, त्या भीतीनं धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड हाच मनाला पुरावा वाटतो. घाईघाईनं श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, बोटं आखडतात. या मुंग्या का येतात हे कळल्यावर कित्येकांचा चेहरा तिथल्या तिथे सैल होतो.

एका अटॅकवरून निदान करत नाहीत. कारण नसताना पुन्हा पुन्हा अटॅक यावे लागतात, आणि त्यानंतर किमान महिनाभर पुढच्याची धास्ती राहावी लागते किंवा वागणं बदलावं लागतं. त्याआधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, हृदयाचे ठोके तपासायचे. दारू, तंबाखू, चहाचं प्रमाण विचारायचं. आणि एक गोष्ट आग्रहानं सांगतो : छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, विशेषतः चाळिशीनंतर किंवा मधुमेह असेल, तर ‘घाबरलाय’ म्हणून घरी बसवू नका. ईसीजी आधी.

औषधांत एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्या मुख्य. त्या कमी डोसानं सुरू करतो, कारण सुरुवातीला काहींची अस्वस्थता वाढते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी गोळी फेकतो. गुण यायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलॅम झटपट काम करतं, पण त्याची सवय लागते. चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने ते घेणारे पाहिले, की मला फार काळजी वाटते.

दुसरा, तितकाच मोलाचा उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजेच विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी. शरीराची तपासणी झाल्यावर खोलीतच रुग्णाला जागच्या जागी धावायला लावतो, खुर्चीत फिरवतो, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतो. धडधड आणि गरगर मुद्दाम आणायची आणि सलाईनशिवाय ती उतरताना त्यानं स्वतः पाहायची. आमचा तरुण आधी चुडावा स्टेशनच्या फलाटावर नुसता बसला. मग भावासोबत लिंबगावपर्यंत, मग एकटा तिथपर्यंत, मग नांदेडपर्यंत. पहिल्या फेरीत अटॅक आला. तो डब्यातच बसून राहिला आणि अटॅक उतरला. त्या फेरीनं जे शिकवलं ते माझ्या बोलण्यानं शिकवता आलं नसतं.

घरच्यांना मी सांगतो, वारा घालत गर्दी करू नका. जवळ बसा आणि म्हणा, ‘अण्णा, हा उतरेल, मी इथंच आहे.’ नांदेड-परभणीला येणं जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. आणि बरं वाटलं तरी गोळ्या साधारण वर्षभर चालू ठेवा, नंतर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. कापूस वेचणीच्या गडबडीत त्या एकदम बंद करून पुन्हा त्रास घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. त्यांचा उपचार पुन्हा सुरू करता येतो.