ताल एकट्याचा नसतो

मित्रांनो, मिरवणूक निघाली की तुम्ही धावत रस्त्यावर जाता ना? पुढे ताशे कडकडतात, मागे ढोल घुमतात, मधून झांजा वाजतात. तुमचे पाय आपोआप हलू लागतात. पण हे वाजवायला लोक शिकतात कसे? मी ते शिर्डीत शिकलो. आज तुम्हांला त्याविषयीच सांगतो.

शिर्डी हे अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यातले गाव. १८९७ साली गोपाळराव गुंड यांनी साईबाबांच्या संमतीने येथे रामनवमीच्या दिवशी उरूस सुरू केला. कोऱ्हाळे गावचे अमीर शक्कर दलाल यांनी त्या उरुसात संदलची मिरवणूक काढण्यास सुरुवात केली. तबकांत चंदनाचा लेप आणि धूप ठेवून ती वाजतगाजत मशिदीकडे जाई. १९१२ पासून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही होऊ लागला. अशा गावात वाजंत्री सर्वांचीच असते.

आता वाद्यांची ओळख करून घ्या. उर्दूत तुम्ही नक्कारा आणि शहनाई म्हणता. मराठीत आपण त्यांना नगारा आणि सनई म्हणतो. ताशा मात्र दोन्ही भाषांत ताशाच! तो उथळ वाडग्यासारखा असतो. त्यावर कातडे ताणलेले असते. तो गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवतात. ढोलाला दोन तोंडे असतात. एका तोंडावर काठी पडते, दुसऱ्यावर हाताची थाप. झांज म्हणजे पितळेच्या दोन चकत्या.

आमच्या उस्तादांचा एक नियम होता. नव्या मुलाला ताशा मिळत नसे, ढोलही मिळत नसे. त्याच्या हाती झांज येई. झांजेचे काम अगदी सोपे. ठरावीक वेळाने एकच ठोका. "हे काय शिकायचे?" असे मुले म्हणत. उस्ताद हसत आणि म्हणत, "बेटा, हात सर्वांनाच असतात. मला तुझा कान तयार करायचा आहे."

एकदा सराव रंगात आला होता. उस्तादांनी अचानक झांजवाल्यांना थांबण्याची खूण केली. थोडा वेळ कोणालाच काही जाणवले नाही. मग ढोल हळूहळू पळू लागले. ताशा त्यांच्याही पुढे गेला. पाहता पाहता प्रत्येक जण आपापल्या वाटेने निघाला. उस्तादांनी पुन्हा खूण केली. झांजा वाजू लागल्या आणि सारे एका वाटेवर आले. त्या दिवसापासून झांजेला कोणी हसले नाही.

असेच दूर पश्चिम आफ्रिकेतही घडते. घाना देशात एवे नावाचे लोक राहतात. त्यांच्या वादनात लहानमोठे अनेक ढोल असतात. सर्वांत मोठा ढोल वाजवणारा उस्ताद इतरांना इशारे देतो, जसा आपल्याकडे ताशेवाला देतो. पण त्या सर्वांना सांभाळते ती लोखंडाची एक जोडघंटा. तिचे नाव गांकोगुई. ढोलांचे बोल बदलतात, घंटेचे बदलत नाहीत. सगळे तिच्याकडे कान ठेवून वाजवतात.

तो घंटेचा ताल तुम्हीही वाजवून पाहा. एकसारख्या गतीने १ ते १२ मोजा. १, ३, ५, ६, ८, १०, १२ या अंकांवर टाळी वाजवा. १२ झाले की न थांबता पुन्हा १ म्हणा. हा ताल जमला की मित्राला १, ४, ७, १० या अंकांवर पाय आपटायला सांगा. तुमची टाळी आणि त्याचा पाय कधी भेटतील, कधी चुकामूक होईल. त्याच्यामागे धावू नका. आपली टाळी सांभाळा, पण त्याचा पायही ऐका. हेच सर्वांत अवघड आहे.

उस्तादांना एकच काळजी वाटे. लग्नात लोक मोठे भोंगे लावू लागले. मुले सरावाला येईनाशी झाली. दोन चांगले ढोलवाले कामासाठी दूरच्या शहरात गेले. उस्ताद म्हणत, "ढोल फाटला तर नवे कातडे मिळते. माणूस गेला तर त्याच्या हातातला तुकडा कोठून आणू?" मित्रांनो, त्यांचे म्हणणे नीट समजून घ्या. आमचा ताल कोणी पुस्तकात लिहून ठेवलेला नव्हता. तो आठ-दहा जणांच्या हातांत वाटलेला होता. एकट्या उस्तादांना सगळे बोल पाठ होते, पण एकटे ते मिरवणूक वाजवू शकत नव्हते.

म्हणून तुमच्या गावात कोणी जुने वाजंत्री असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांना सलाम करा, नमस्कार करा. ताशा मागू नका. "आम्हांला झांज द्या," असे म्हणा. आणि एकटे जाऊ नका, पाच-सहा मित्रांना बरोबर न्या. हा धडा एकट्याने शिकता येत नाही.