साठ मिलिलिटरचा ताळेबंद

टक्कल एकदम पडत नाही. ते हप्त्याहप्त्याने पडतं, आणि एकही हप्ता चुकत नाही. आमच्या बँकेच्या थकबाकीदारांनी याच्या निम्मा नियमितपणा दाखवला असता, तर मार्चअखेरीला माझे राहिलेले केसही वाचले असते.

मी बँकेत कारकून आहे. राहायला कर्जतला, शाखा खोपोलीची. बँकेत असूनही कर्जतमध्ये स्वतःला 'बँकर' म्हणवून घ्यायची सोय नाही. कारण इथे बँकर म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारं इंजिन. एकदा एका पाहुण्यांना मी ऐटीत तसं सांगितलं, तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मस्तकापाशी जरा जास्तच वेळ थांबले आणि म्हणाले, "लोणावळ्यापर्यंत ढकलत असाल!" तेव्हापासून मी साधा कारकून. बी.कॉम., दुसरा वर्ग.

रोज सकाळी खोपोली लोकल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. लग्नाच्या सुमारास पळसदरीच्या वाऱ्याने माझा भांग मोडायचा आणि खोपोलीला उतरल्यावर मी खिशातून कंगवा काढायचो. आता रुमाल काढतो.

उपाय काय कमी केले? सासूबाईंनी माक्याचं तेल पाठवलं, शेजारच्या काकूंनी जास्वंदीचा लेप सांगितला, हेडकॅशियरने कांद्याचा रस सुचवला. कांद्याच्या रसाचा प्रयोग २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी खरोखरच प्रसिद्ध केला होता. पण तो चाईवर. म्हणजे जिथे चकत्यांनी केस जातात त्या दुखण्यावर. आमचं घराणं वेगळं. हे मला कळलं तोपर्यंत लोकलमध्ये माझ्या आजूबाजूची दोन बाकं रिकामी राहू लागली होती.

सुश्रुताने तर फार पूर्वीच लिहून ठेवलंय की, पित्त आणि वात मिळून केस पाडतात आणि मग कफ आणि रक्त मिळून रोमकूप बंद करतात, म्हणून तिथे दुसरा केस येत नाही. आपल्या सरकारनेही औषधांच्या नियमांत 'शेड्यूल जे' नावाची यादी केली आहे. हे रोग बरे करतो असा दावा औषधाने करू नये, असे रोग त्यात आहेत, आणि टक्कल त्यात आहे. लोकलच्या डब्यात जाहिराती चिकटवणाऱ्यांनी ही यादी वाचलेली दिसत नाही.

शेवटी सौभाग्यवतींनी मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

"केस मरत नाहीत हो," डॉक्टर म्हणाले, "बारीक होत जातात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होतं. माथ्यावरची मुळं त्याच्यामुळे आक्रसतात. कानामागच्या केसांना मात्र त्याचं काही वाटत नाही."

"म्हणजे शंभराची नोट मोडून दहाच्या, आणि मग चिल्लर."

"अगदी बरोबर," म्हणत त्यांनी मिनॉक्सिडिल लिहून दिलं.

या औषधाचा इतिहास मोठा मजेशीर आहे. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने ते रक्तदाबासाठी काढलं. १९७९ साली गोळ्यांना मान्यता मिळाली. लोकांचा दाब उतरला, पण नको तिथे केस उगवू लागले. कंपनीने मग तक्रारीचंच भांडवल केलं आणि १९८८ साली डोक्याला लावायचं पातळ औषध तिथल्या बाजारात आलं. रक्तदाबाचं औषध भलतीकडे कामाला यावं याचं आम्हा रायगडकरांना नवल नाही. आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचंच प्राझोसिन विंचवाच्या दंशावर वापरून किती जीव वाचवले! त्या जातीच्या औषधाने विंचू उतरतो, तर केस का चढू नयेत?

अटी मात्र कडक. एक मिलिलिटर सकाळी, एक रात्री. चार महिने निकाल विचारायचा नाही. पहिले काही आठवडे केस उलट जास्तच गळतील. नवीन साहेब आला की आधी जुन्यांच्या बदल्या होतात, तसं. आणि औषध थांबवलं की मिळवलेलं सगळं काही महिन्यांत परत. म्हणजे जन्मभर व्याज भरायचं आणि मुद्दल कधीच फिटायचं नाही. असला कर्जाचा कागद एखाद्या गिऱ्हाइकाने आणला असता, तर मी त्याला हात जोडून घरी पाठवलं असतं. स्वतः मात्र बाटली घेऊन घरी आलो.

बाटली ६० मिलिलिटरची. रोज दोन, म्हणजे तीस दिवस. ती सतराव्या दिवशी संपली.

माझा वापर ३४. तूट २६. बँकेत असं झालं असतं तर रात्री दहापर्यंत बसून तूट शोधली असती. घरीही तेच केलं. उडून गेलं म्हणावं, तर झाकण घट्ट. मांजराने चाटलं म्हणावं, तर हे औषध मांजरांना विषारी असतं, आणि आमची मनी समोर धडधाकट बसून मिशा पुसत होती. राहिल्या सौभाग्यवती.

"अहो, माझ्या वेणीला तुमची बाटली कशाला?" तिने विचारलं. वेणीकडे पाहून मी प्रश्न मागे घेतला.

दुसऱ्या बाटलीच्या लेबलावर मी रोज पातळीची रेघ मारू लागलो. रेघ रात्री एक, सकाळी एक! पाचव्या रात्री दिवा मालवून बाहेरच्या खोलीत दबा धरून बसलो. साडेअकराला न्हाणीघरात उजेड झाला.

आरशासमोर आमचे चिरंजीव उभे होते. वय वर्षं वीस. मान खाली, हातात माझा ड्रॉपर. बेसिनवर वर्तमानपत्राचा तुकडा पसरून तो त्यावर पडलेले केस मोजत होता. एक, दोन, तीन... आमच्याकडे नवीन शिपाई नोटा मोजतो तसा, ओठ हलवत.

माझ्या डोळ्यांसमोर पोराच्या वर्षभराच्या नोंदी आल्या. घरात टोपी. मामेबहिणीच्या लग्नाच्या दिवशीच नेमकं पोट दुखणं. दिवाळीच्या साऱ्या फोटोंत तो कुठेच नाही, कारण फोटो काढायला तोच पुढे. आम्ही म्हणत होतो, पोरगा अभ्यासाने गंभीर झालाय!

"बाबा, तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नाही," तो म्हणाला.

मी हसलो असतो. खोटं कशाला बोला?

मग त्याने सगळं सांगितलं. क्लास्कोटेरोन नावाचं नवं औषध मुळापाशीच त्या हॉर्मोनची वाट अडवतं. २०२० साली अमेरिकेत ते मुरुमांचं मलम म्हणून मान्य झालं आणि टकलासाठी त्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या, वगैरे. पोराने कॉलेजच्या पुस्तकांपेक्षा हे जास्त वाचलं होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "एकजण असल्याच चाचणीतल्या औषधाची पावडर विकतो. घरी काट्यावर तोलून स्पिरिटमध्ये कालवायची. पैसे साठवलेत मी."

"पावती देतो?"

"नाही."

"बॅच नंबर?"

"नाही."

"अरे, चाचणीतल्या माणसाला निदान डॉक्टर तपासतात. तुला कोण तपासणार? मनी?"

तो जरासा हसला. मग त्याने विचारलं, "बाबा, हे तुमच्याकडून आलंय ना?"

मला उत्तर सुचेना. शेत नाही, वाडी नाही; कर्जतचा दोन खोल्यांचा ब्लॉक तेवढा, तोही हप्त्यावर. देऊन देऊन पोराला दिलं काय, तर हे!

दुसऱ्या दिवशी दोघेही डॉक्टरांकडे गेलो. त्याचं डोकं पाहून ते म्हणाले, "याची रोपं जिवंत आहेत, खत लागू पडेल. पावडरबिवडर काही नको." मग माझ्याकडे वळले. "तुमचं मात्र... कातळावर टाकलं तर कर्जत-३ भातसुद्धा उगवत नाही हो."

चिरंजीव बाहेर गेल्यावर मी आनुवंशिकतेचं विचारलं. जनुकं पुष्कळ असतात, दोन्हीकडून येतात. पण त्यातलं माहीत असलेलं सर्वांत जोरदार जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडून.

घरी आलो. दारासमोरच कैलासवासी सासऱ्यांची तसबीर आहे. चंदनाचा हार, आणि त्याच्यावर तुळतुळीत, विस्तीर्ण, ट्यूबलाइटखाली चमकणारा माथा. सौभाग्यवती तिच्याखालीच उभी होती.

"काय म्हणाले डॉक्टर? कुणाकडून आलं पोराला?"

संसारात पहिल्यांदाच माझी बाजू शास्त्राधारे भक्कम होती. मी तसबिरीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडून," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

त्या दिवसापासून बाटली चिरंजीवांच्या नावे. माझं खातं बंद. जमा झालेली चार केसांची शिल्लक चार महिन्यांत गेली. त्याची बाटली आता बरोबर तिसाव्या दिवशी संपते. माथ्यावर जंगल उगवलंय असं नाही, पण गळती थांबल्यासारखी दिसते, आणि टोपी खुंटीवर असते.

यंदा गणपतीत घरच्या सगळ्यांचा फोटो निघाला. चिरंजीव मधोमध आहेत. मी त्यात दिसत नाही, कारण फोटो मी काढला.