अडलेली पायरी

मोटरहोम घेतली म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. झोपायची सोय किती जणांची, संडासाचं काय करता, आणि गॅलनला किती मैल देते. (सात-आठ. पुढचा हिशोब विचारू नये.) दाराखालच्या पायरीबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि त्या गाडीत माझा सगळ्यात जास्त जीव खाल्ला असेल तर तो या पायरीनं.

आमची गाडी बसच्या धाटणीची. आतली जमीन रस्त्यापासून जवळजवळ तीन फूट उंच. दाराच्या आत पक्क्या पायऱ्या आहेत, पण सगळ्यात खालची पायरी बाहेरून दिसत नाही. ती गाडीच्या पोटाखाली घडी घालून बसलेली असते. दार उघडलं की मोटर फिरते, पायरी बाहेर येते. दार लावलं की आत जाते. आपण मुक्कामाला असलो आणि ती सारखी आत-बाहेर नको असेल, तर दाराजवळचं बटण बंद करायचं, म्हणजे ती बाहेरच राहते. पण अशी बाहेर ठेवलेली पायरी विसरून कुणी निघालाच, तर चावी फिरवल्याबरोबर, दार लागलेलं असेल तर, ती मुकाट्यानं आत जाते. म्हणजे त्या एवढ्याशा यंत्राला तीन ठिकाणांहून हुकूम येतात: दाराकडून, बटणाकडून आणि इंजिनच्या चावीकडून. ज्यानं कुणी हे आखलं त्याला माझा सलाम. फक्त त्यानं हे सगळं नेमकं तिथं टांगलं, जिथं रस्त्यावरचं पाणी, चिखल आणि मिशिगनच्या हिवाळ्यातलं मीठ सरळ येऊन आदळतं.

त्या उन्हाळ्यात मिरजेहून आई आली होती. गुडघा बदललेला, ऐंशी ओलांडलेली, पण फिरायला एका पायावर तयार. पायरी बाहेर असली की दारातल्या दांड्याला धरून ती एकटी चढायची-उतरायची. पायरी नसली की दोघांनी धरून उतरवावं लागायचं, आणि ते तिला अजिबात खपत नसे. "मला काय पोतं समजलात का रे?" असं म्हणून ती मग आतच बसून राहायची.

वसंतात पायरी कुरकुरायला लागली होती. कधी अर्ध्यावर थांबायची, कधी दोनदा दार आपटल्यावर हलायची. निघण्याआधी एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मोटरहोमवाल्यानं त्यात वर्कशॉपचीही भर घालावी. त्यांनी कंट्रोल बॉक्स बदलला, सव्वाचारशे डॉलर घेतले आणि माझ्यासमोर दार उघडून-लावून दाखवलं. पायरी आत, पायरी बाहेर. मीही मान डोलावली. त्या वेळी गाडीतून निघालेली पिवळी केबल त्यांच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये होती, हे मला आज लख्ख आठवतं.

मॅकिनॉचा पूल ओलांडून आम्ही वर गेलो. हा पूल 1957 साली खुला झाला. एकूण लांबी आठ किलोमीटर, आणि वारा असला की एवढी उंच गाडी त्यावरून नेताना तोंडातून शब्द फुटत नाही. पहिला मुक्काम टाक्वामेननच्या धबधब्यापाशी. तिथलं पाणी सीडरच्या दलदलींमधून येतं, त्यातल्या टॅनिननं ते तपकिरी होतं. वरचा धबधबा पन्नासेक फुटांवरून सरळ खाली कोसळतो. आईनं ते पाणी बघून "यात कुणी चहापत्ती टाकली?" असं विचारलं. तिथं जागेवर विजेचा खांब होता. पायरी व्यवस्थित चालत होती.

पुढचा मुक्काम सुपिरिअर सरोवराच्या बाजूला, सरकारी जंगलातल्या एका साध्या कॅम्पग्राउंडवर. हातपंप, लाकडी संडास, वीज नाही. रात्री थंडी पडली, हीटरचा पंखा बॅटरीवर रात्रभर फिरला. सकाळी मी दार उघडलं तर पायरीखालून फक्त टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज. पायरी जागची हलेना.

माझी सगळी नोकरी डेट्रॉइटमध्ये गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, त्यामुळे हा आवाज कानाला ओळखीचा होता. रिले पकडतोय आणि सोडतोय. मोटरनं जोर घेतला की व्होल्टेज एवढं खाली येतं की रिलेला स्वतःलाच धरवत नाही. रिले सुटला की व्होल्टेज परत वर, की तो परत पकडतो. मेलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला की हेच होतं. पण आमची बॅटरी मेलेली नव्हती. गोल्फच्या गाडीत असतात तशा सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकामागे एक जोडलेल्या; रात्रभर पंखा चालवूनही त्या 12.4 दाखवत होत्या. मी इंजिन चालू केलं. अल्टरनेटरनं चौदाच्या आसपास दिले, आणि दार उघडताच पायरी रेंगाळत का होईना पण बाहेर आली. इंजिन बंद केलं की परत टक्‌ टक्‌.

इथं माझ्या डोक्यात ती पिवळी केबल आली. प्लग लावलेला असला की गाडीतला चार्जर 13.6 व्होल्ट देत राहतो. वर्कशॉपमध्ये प्लग, टाक्वामेननला प्लग. दोन्ही ठिकाणी पायरीला वाटेतली गळती भरून काढण्याइतकं जास्तीचं मिळत होतं. कंट्रोल बॉक्स नवा असो की जुना, रोग वाटेत होता.

आता खाली शिरायचं. त्याआधी चाकांना दोन्हीकडून ओंडके लावले आणि पायरीचा प्लग ओढून काढला. हे दुसरं फार महत्त्वाचं. पायरीची सांधेजोड कात्रीसारखी मिटते, आणि मोटर थांबते ती अडथळ्यानं करंट वाढल्यावर. मधे आलेलं बोट आहे की दगड हे तिला कळत नाही. मी बायकोला बजावून सांगितलं की कुणीही दार उघडायचं नाही. मी कुशीवर झोपून हात आत घातला आणि पाचव्या मिनिटाला डोक्यावर दार उघडलं. आई. हातात चहाचा कप. "खाली गार लागत असेल रे." प्लग काढलेला नसता तर त्या चहाचं मला पुढं फार काळ स्मरण राहिलं असतं.

आधी यंत्राचा भाग. मोटरचा दांडा पायरीला जिथं जोडलेला असतो तिथली स्प्लिट पिन सरळ करून काढली, तिनं अडकवलेली जाड खीळ ठोकून बाहेर काढली. आता पायरी मोटरपासून मोकळी. हातानं ओढली-ढकलली. करकरली, पण अडली नाही. वीज अजिबातच दगा देईल तेव्हाही हेच करायचं: खीळ काढायची, पायरी हातानं आत ढकलायची, पट्ट्यानं घट्ट बांधायची आणि घरी जायचं. बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं आणि ते पायरी बाहेर लटकत ठेवून गाडी चालवतात. मग ती एखाद्या दगडी कठड्यावर जाते.

दाराचा स्विच बघितला. दाराच्या कडेला लोहचुंबक, चौकटीत स्विच. फ्रिजवरचं एक चुंबक नेऊन स्विचसमोर धरलं की यंत्राला दार लागलंय असं वाटतं. तेही ठीक. फ्यूज शाबूत.

खीळ परत बसवली आणि मीटर काढला. पायरीच्या प्लगमध्ये दोन जाड तारा येतात, एक बॅटरीची आणि एक अर्थची. मोकळ्या प्लगवर मीटर 12.4 दाखवतो. वर्कशॉपवाल्यांनी बहुधा एवढंच बघितलं असणार, आणि वीज येतेय, मोटर फिरत नाही, म्हणजे बॉक्स गेला असं ठरवलं असणार. मिरजेत स्टँडच्या मागं एक वायरमन बसायचा, त्याच्याकडे मीटर नव्हताच. दोन तारा जोडलेला हेडलाइटचा बल्ब असायचा. तार आली की तो बल्ब लावायचा आणि उजेड बघायचा. शाळेतून येताना मी तिथं तासन्‌तास उभा राहायचो. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर त्याच्या बल्बाचं गणित कळलं. मीटर सुईच्या टोकाएवढासुद्धा करंट घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातून एक केसभर रस्ता उरला असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब चार-साडेचार अँपिअर ओढतो, आणि केसभर रस्त्यातून तेवढं जात नाही. पायरीची मोटर तर त्याहून जास्त ओढते.

माझ्याकडे मीटरच होता, म्हणून ओझं पायरीचंच वापरलं. प्लग जोडला, मीटरच्या सुया त्याच्या मागून तारांपर्यंत खुपसल्या, मी बाजूला झालो आणि बायकोला म्हटलं, आता उघड. टक्‌ टक्‌ टक्‌, आणि मीटरवर 7.6. त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर 12.1 होते. म्हणजे साडेचार व्होल्ट वाटेत कुठंतरी खर्ची पडत होते. आता फक्त वाट शोधायची. बॅटरीच्या लाल टोकापासून पायरीच्या लाल तारेपर्यंत मोजलं: 0.3. चालेल. बॅटरीच्या काळ्या टोकापासून पायरीच्या अर्थच्या तारेपर्यंत मोजलं: 4.2.

अर्थची तार पायरीपासून हातभर अंतरावर चासीला एका बोल्टनं आवळलेली होती. वरून रंग मारलेला, अगदी नीटनेटका. पाना लावला, बोल्ट अर्धा फेरा फिरला आणि मुळापासून तुटला. आत तपकिरी भुगा. तारेच्या टोकावरच्या लगची कड कुरतडून गेलेली, आणि तारेचं इन्शुलेशन मागं सोललं तर तांबं चांगलं चार बोटं हिरवं पडलेलं. आधीचा मालक ही गाडी भर हिवाळ्यात हिंडवायचा हे मला घेतानाच माहीत होतं. मिठाचं पाणी तारेच्या आत एवढं चढतं हे डोळ्यांनी बघायला मिळालं.

शेजारच्या जागेवर ओहायोचे एक निवृत्त गृहस्थ उतरले होते. ते केव्हाचे खुर्ची टाकून माझे पाय बघत होते. आता उठून पत्र्याची पेटी घेऊन आले, आणि त्या पेटीत लग, स्टार वायसर, जाड तार, दाबायची पक्कड, सगळं होतं. निवृत्त अमेरिकन माणसाच्या पेटीत काय नसतं! मी तार तांबं चमकेपर्यंत मागं कापली, नवा तुकडा जोडून नवा लग दाबला. चासीवर दुसरं भोक शोधलं, पॉलिश पेपरनं घासून पांढरा लोखंडाचा चकता काढला, त्यावर स्टार वायसर, त्यावर लग, नवा बोल्ट, आणि वरून व्हॅसलीनचा जाड थर. व्हॅसलीन आईचं, टाचांचं.

मग बायकोनं दार उघडलं. खट्टकन पायरी बाहेर. घेतल्यापासून इतक्या वेगानं ती कधी आली नव्हती. अर्थच्या बाजूनं मोजलं, 0.1. इंजिन बंद, प्लग नाही. सांध्यांना ग्रीस लावायचा मोह आवरला. खाली ग्रीस म्हणजे धूळ-वाळू धरून ठेवायला जागा. ब्रशनं माती झाडली, पाण्यानं धुतलं आणि कोरडं सिलिकॉन मारलं. आई दारात उभी होती. तिनं आधी मला दोनदा चढायला-उतरायला लावलं, मग स्वतः उतरली आणि थेट हातपंपापर्यंत जाऊन आली.

घरी आल्यावर वर्कशॉपला फोन केला, मोजलेले आकडे सांगितले. त्यांनी मजुरी परत केली, बॉक्सचे पैसे नाही. जुना बॉक्स त्यांनी निघताना माझ्या हवाली केला होता. तो मी गॅरेजमध्ये बारा व्होल्टवर जोडून बघितला आणि तो उत्तम चालतो. फळीवर ठेवलाय.

ओहायोच्या काकांची गोष्ट राहिलीच. माझी पायरी पळायला लागलेली बघून ते म्हणाले, आमची दोन वर्षं बंद आहे, बघतोस का? त्यांच्या दारासमोर प्लॅस्टिकचं स्टूल होतं. त्यांच्या गाडीखाली शिरलो. दार उघडलं की मोटर झकास फिरत होती, गुंजारवही छान, पण पायरी जागेवर. अर्थ, व्होल्टेज, सगळं ठाकठीक. झाकण काढलं तर गिअरचे दात एका बाजूनं साफ झिजलेले. मोटर आपली नुसती फिरतेय. त्याला घासूनपुसून इलाज नाही, मोटर-गिअरचा जोडच मागवावा लागतो. मी तसं सांगितलं, अंदाजे किंमतही सांगितली.

काका स्टुलाकडे बघून म्हणाले, "हे नऊ डॉलरना मिळालं होतं." आणि त्यांनी मला कॉफी विचारली.