मृगाचा पेरा, भाद्रपदाचे ताट

कृष्णाकाठच्या वाईसारख्या गावी परसबागेचा कारभार दोन पंचांगांवर चालतो, आणि ज्याला ती दोन्ही एकत्र वाचता येत नाहीत त्याच्या मांडवावर वेल कितीही दाटली तरी ऐन सणाला त्यास बाजाराची वाट धरावी लागते. पेरणीचा हुकूम सूर्याकडून सुटतो. जूनच्या सात-आठ तारखेस सूर्य मृगात प्रवेश करतो, तेथून तेरा-चौदा दिवसांच्या मुदतीने आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नक्षत्रे एकामागून एक पावसाचा अंमल हाती घेतात, आणि या क्रमावर जुन्या राजकारभाराचा भरवसा इतका की पेशवे दफ्तरातील कागदांवर आढळणाऱ्या शुहूर सनाचा आरंभही सूर्याच्या मृगप्रवेशापासूनच धरला जाई.

खाणे मात्र चंद्राच्या तिथीने ठरते. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमावाचून पिकलेलेच अन्न घ्यावयाचे, म्हणजे पडवळ, दोडका, भोपळा, काकडी, अळू, लाल माठ हे सारे त्या एका सकाळी परसातच कोवळे मिळाले पाहिजे. आणि ती सकाळ दरवर्षी निराळ्या तारखेला उगवते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे, ती तूट अधिक मासाने वसूल होते. त्यामुळे २०२० साली २२ ऑगस्टला बसलेला गणपती २०२३ साली, अधिक श्रावणानंतर, १९ सप्टेंबरला बसला. वेलीला या जमाखर्चाची वार्ता नसते. मृगात टोकलेली काकडी दीड-दोन महिन्यांत धरू लागते, पडवळ तिच्यामागून येते, आणि ऑगस्टच्या गणपतीस त्यांचा भर अगदी ऐनात असतो; परंतु गणपती सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेला की पानांवर भुरी चढलेली आणि उरलेली फळे जून होऊन बियाळलेली दिसतात. म्हणून ज्या वर्षी श्रावणाच्या आत वा श्रावणातच अधिक मास पडतो त्या वर्षी निम्मे बी पुष्यापर्यंत राखून ठेवावे, आणि काळ्या मातीत झडीचे पाणी तुंबून ते कुजू नये यासाठी आळे न करता उंच वरंब्यावर टोकावे, असे माझे निश्चित मत आहे.

भोगी तेवढी सूर्याच्या बाजूची. ती मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी येते, तेव्हा पावटा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे यांचा हिशेब सहसा चुकत नाही. मेथी आणि रगडून पेरलेले धने यांना तर पाऊस ओसरल्यावरची थंडीच पुरे, पंचांग उघडण्याचे कारण नाही.

खरी कसोटी वांग्याची. मृगात रोप टाकले तर झाड चातुर्मासातच लगडते, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत वांगे वर्ज्य असलेल्या घरात ती फळे शेजारी वाटून द्यावी लागतात. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीस खंडोबाच्या नैवेद्याला भरीत आणि रोडगा हवा, तोवर झाड थकून शेंडेअळीच्या स्वाधीन झालेले असते. त्यासाठी तिथीवरून मागे मोजीत यावे: फळाला लावणीनंतर साधारण दोन-अडीच महिने, रोपाला त्याआधी महिनाभर. आमच्याकडे वांग्याचा वाफा त्यामुळे मघांत टाकतात, रोपे उत्तरांत उपटून सरीला लावतात, आणि कार्तिकी एकादशी उलटता उलटता पहिली जांभळी फुले गळून देठाशी फळ दिसू लागते.