आधी गिअर, मग इंजिन

पहिल्यांदाच एखादा जुना ट्रक पुन्हा उभा करायला घेतलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, इंजिन कोणतं टाकणार? इंजिन हा गाडीचा जीव, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. पण माझं मत असं की पहिल्या ट्रकपुरता तरी हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा आणि मागच्या आसाचा. तो सुटला की इंजिनाचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं, आणि ते मनात धरलं होतं त्यापेक्षा लहान, स्वस्त आणि त्या ट्रकच्या घरातलंच निघतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक ट्रक समोर घेऊ. शेव्हरोलेने १९४७ च्या उन्हाळ्यात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाची मालिका आणली आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. तिच्यातला अर्ध्या टनाचा ३१०० पिकअप अमेरिकेतल्या हौशी माणसांचा फार लाडका. का, ते त्याच्याकडे पाहिलं की कळतं. फुगीर मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, आणि बॉनेट उघडलं की एका ओळीत उभे सहा सिलिंडर. दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा की कोपरापर्यंत हात आत घालून पाना फिरवता यावा. मुंबईलाही हे घराणं परकं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढून शेव्हरोलेच्या गाड्या तिथे जुळवायला सुरुवात केली होती.

या पिकअपचं मूळ इंजिन २१६ घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं आणि ९० हॉर्सपॉवरचं. त्याची तेलाची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगना तेल पंपाच्या दाबाने मिळतं, पण कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला तसं मिळत नाही. तिथे रॉडच्या तळाशी पळीसारखं एक टोक असतं. इंजिन सावकाश चालतं तेव्हा ते दर फेऱ्याला तळाच्या तेलात बुडून वर येतं; वेग वाढला की चेंबरमधल्या नळ्यांतून उडणारी तेलाची धार त्या टोकावर झेलली जाते. बेअरिंग ओतीव व्हाइट मेटलचं. झीज झाली की मधल्या पातळ चकत्या काढून फट पुन्हा जुळवायची. तेलाच्या दाबाचं घड्याळही जेमतेम ३० पौंडांपर्यंत आखलेलं. हे इंजिन वाईट नाही. शेतावरून बाजारात आणि बाजारातून शेतावर जाण्यासाठी ते घडवलं होतं आणि ते काम त्याने इमानाने केलं. अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ सालचा. या मालिकेतला शेवटचा ट्रक त्याआधीच कारखान्यातून बाहेर पडला होता. ज्या रस्त्यासाठी तो बनलाच नाही त्या रस्त्यावर आज आपण त्याला नेतो, आणि मग तो धापा टाकतो म्हणून इंजिनाला बोल लावतो.

दोष कुठे आहे ते आकड्यांत स्वच्छ दिसतं. या ट्रकच्या मागच्या आसाचं प्रमाण ४.११ आहे. म्हणजे टॉप गिअरमध्येसुद्धा चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला चारांहून जास्त फेरे मारावे लागतात. टायरचा व्यास २८ इंच धरला तर ताशी ९० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६७० वेळा फिरतं आणि इंजिन सुमारे २,७५० वेळा. पळीने तेल उचलणाऱ्या इंजिनाला तासन् तास या फेऱ्यांवर ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. चालवणाऱ्याला वाटतं, ताकद कमी पडतेय. पण सपाट रस्त्यावर रिकामा पिकअप त्या वेगाने ओढायला ९० हॉर्सपॉवर पुरून उरते. कमी पडतो तो एक वरचा गिअर. आता त्याच जागी तिप्पट ताकदीचं व्ही-एट बसवा आणि आस, टॉप गिअर होते तेच ठेवा. फेरे तेवढेच राहतील. उलट जुन्याच इंजिनामागे ०.७ चा ओव्हरड्राइव्ह दिला तर फेरे १,९५० च्या आत येतात. आसाचं प्रमाण ३.५५ केलं तर २,४०० च्या आत. ट्रकचा सगळा स्वभाव या दोन आकड्यांनी बदलतो. आवाज खाली येतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. ३१०० साठी चार गिअरचा दणकट बॉक्सही मिळत असे; पण त्याचा पहिला गिअर सातपट, भरलेला ट्रक चिखलातून काढण्यासाठी दिलेला, आणि चौथा सरळ एकास एक. महामार्गावर त्याचा काही उपयोग नाही.

मात्र गिअरबॉक्स बदलायचा ठरवला की काम तिथे थांबत नाही, आणि हिशेब आधी मांडायचा तो यासाठीच. ३१०० चा प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसतो, एका जाड नळीत बंद असतो. नळीचं मागचं टोक आसाच्या हाउजिंगला बोल्टने पक्कं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या पाठीशी गोल सांध्यात. आसाला बसणारा उलट पीळ ही नळी झेलते. दुसऱ्या जातीचा गिअरबॉक्स आला की नळी जाते, आणि नळी गेली की आसही जातो. मग उघड्या शाफ्टचा आस शोधा, कमानपाट्यांची बैठक त्याला वेल्ड करा, शाफ्टचा कोन मोजा, हँडब्रेकच्या केबल जुळवा. ३१०० च्या चाकाला सहा बोल्ट असतात. आणलेल्या आसाला पाच निघाले तर एक स्टेपनी पुढेमागे दोन्हीकडे चालणार नाही. हे सगळं जमणारं आहे, पण ते माहीत असून हाती घेणं वेगळं आणि इंजिन बसल्यावर कळणं वेगळं. एस-१० या छोट्या पिकअपमधला बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-५ या कामासाठी बरेच जण निवडतात. त्याचा दांडा पुढच्या बाजूला येतो, म्हणून लांब सीटला अडत नाही. दांडग्या व्ही-एटपुढे हा बॉक्स नाजूक ठरू शकतो, सहा सिलिंडरच्या शांत ओढीपुढे मात्र तो निवांत असतो. म्हणजे इथे इंजिनाचा निवाडा गिअरबॉक्सनेच केला.

ते इंजिन म्हणजे त्याच घराण्यातलं २३५. १९५४ मध्ये शेव्हरोलेने ३१०० ला हेच दिलं: पूर्ण दाबाने तेल, ओतीव धातूऐवजी बदलता येणारी शेल बेअरिंग, ११२ हॉर्सपॉवर. २१६ च्या जागी ते जवळजवळ सरळ बसतं. ‘जवळजवळ’मध्ये थोडं काम आहे. १९५५ नंतरचं इंजिन घेतलं तर त्याचा पाण्याचा पंप लांब असतो आणि पंखा रेडिएटरवर जातो, तेव्हा मधे पट्टी घालून जुना आखूड पंप लावावा लागतो. जुन्या सहा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३९ दाते, बारा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १६८; स्टार्टर त्या दात्यांशी जुळलाच पाहिजे. आणि ३० पौंडांच्या घड्याळाचा काटा शेवटाला जाऊन टेकेल, म्हणून ६० चं घड्याळ लावायचं. नवशिक्याला झेपतील, आणि त्याला पुष्कळ शिकवतील, अशी ही कामं आहेत.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप व्ही-एटवाल्यांचा, आणि तो पोकळ नाही. ३५० घनइंचांच्या शेव्हरोले इंजिनाचे सुटे भाग अमेरिकेत कुठेही आणि स्वस्त मिळतात. नवी फ्युएल इंजेक्शनची इंजिनं थंडीत एका चावीत सुरू होतात. पण या ट्रकमध्ये ती आणताना काय काय हलतं ते पाहा. डावीकडचा एग्झॉस्ट स्टिअरिंग बॉक्सला भिडतो. इंजेक्शनला जास्त दाबाचा पेट्रोलपंप लागतो, आणि १९४९ पासूनच्या ट्रकमध्ये टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि मास्टर सिलिंडर एकाच भागाचा, पायाखाली जमिनीच्या आत. तो भाग फुटला तर चारी ब्रेक एकदम जातात. वाढवलेली ताकद या ब्रेकच्या भरवशावर रस्त्यावर न्यायची हे मला पटत नाही. यातल्या प्रत्येक अडचणीला उपाय आहे; पण पहिल्याच कामात हे सगळे उपाय एकदम अंगावर आले तर ट्रक वर्षानुवर्षं घोड्यांवर टेकून राहतो. जड ट्रेलर ओढायचा असेल, घाटात राहायचं असेल, तर व्ही-एटच योग्य. फक्त मग ब्रेक, स्टिअरिंग आणि आस आधी.

दुसऱ्या बाजूने मूळपणाचे आग्रही म्हणतील, २३५ तरी कशाला? त्यांचं म्हणणं मी जास्त मनावर घेतो. २१६ आवाज न करता चालत असेल, बेअरिंगची फट नीट असेल, तर त्याला हात लावू नये. बंद नळीच्या त्याच आसात बसणारी ३.५५ ची क्राउन-पिनियन मिळते. ती घातली की काही कापावं लागत नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही. आपल्याकडे तर या संयमाला कायद्याचंही बळ आहे. विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनं वाहन मूळ रूपात असावं, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अपेक्षा आहे.

राहिला ऑटोमॅटिकचा मुद्दा. ज्याला गुडघ्यामुळे क्लच दाबणं अवघड आहे त्याला मूळपणाचे धडे देणं निर्दयपणाचं होईल. गाडी चालवण्यासाठी असते. पण ऑटोमॅटिकमध्येही निवड आहे. तीन गिअरचा टीएच३५० दणकट, पण त्याला ओव्हरड्राइव्ह नाही, म्हणजे फेऱ्यांचं दुखणं जिथल्या तिथे. १९८२ पासूनच्या ७००आर४ ला ०.७ चा ओव्हरड्राइव्ह आहे. मात्र कार्ब्युरेटरशी जोडलेली त्याची केबल अचूक लावली नाही तर आतले क्लच जळतात. जुन्या सहा सिलिंडरमागे हा बॉक्स लावायला जोडपट्टी लागते, ३५० ला तो सरळ बोल्टने बसतो. तेव्हा अशा माणसाने ३५० निर्धास्त घ्यावं. मात्र ते खाली उतरवण्याआधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि दोन भागांचा मास्टर सिलिंडर लावून घ्यावा.