यीस्ट आणि ब्रॉयलरची प्रतिकारशक्ती: काही टिपणे

पक्ष्यांना आपल्यासारख्या लसिकागाठी नसतात. त्यांच्या प्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. म्हणून खाद्यातून काय जाते, हा प्रश्न वजनापुरता राहत नाही.

*

मेलेला पक्षी फाडताना मी बर्सा पाहिल्याशिवाय हातमोजे काढत नाही. गुदद्वाराच्या वर, पाठीकडच्या बाजूला बोराएवढी पिशवी. कापली की आत मऊ घड्या दिसतात. गंबोरो हा बर्साचा रोग झाला असेल तर ती सुजलेली, वरून पिवळसर चिकट थर चढलेली, कधी आतून रक्ताळलेली. आठवड्याभरानंतर पाहिली तर आक्रसलेली. 1956 मध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लहानपणीच बर्सा काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. बी-पेशींच्या नावातला ‘बी’ या बर्साचाच.

*

आईकडून मिळालेली प्रतिपिंडे दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस, दुसऱ्याच्या शेवटी गंबोरोची लस, आणि त्याच काळात पिल्लू तुसातले जंतू टिपत असते. यीस्टचा उपयोग व्हायचा असेल तर तो इथे, म्हणजे पहिल्या दिवसापासून. मर लागल्यावर पोते उघडणाऱ्याला मी सरळ सांगतो, आता उशीर झाला.

*

ब्रॉयलरला देतात ते बहुतेक सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पाव फुगवणारेच. ते वाढते तिशीच्या आसपासच्या तापमानाला. कोंबडीच्या पोटात सुमारे 41 अंश. त्यामुळे ते आतड्यात वस्ती करत नाही, येते आणि विष्ठेतून जाते. रोज द्यावे लागते ते यासाठी.

जाता जाता ते करते काय? त्याच्या पेशीभित्तिकेत बाहेरच्या बाजूला मॅनन असते, आत बीटा-ग्लुकन. साल्मोनेला आणि ई. कोलायच्या अनेक वाणांना मॅनोज शर्करेला धरणारे बारीक तंतू असतात. आतड्याच्या भिंतीला चिकटण्याऐवजी ते यीस्टला चिकटतात आणि त्याच्याबरोबर बाहेर पडतात. बीटा-ग्लुकन ही भक्षक पेशींच्या दृष्टीने बुरशीची खूण. ती दिसली की मॅक्रोफेज आणि हेटरोफिल सावध होतात. हे काम मेलेल्या यीस्टची भित्तिकाही करते. जिवंत यीस्टचे म्हणून जे फायदे आहेत, ते मात्र पेलेट बनवताना 80 अंशांच्या वाफेत गेले. यीस्ट नेमके कोणत्या टप्प्यावर मिसळले, हे खाद्य घेताना विचारलेच पाहिजे.

एक गोष्ट त्याच्या बाजूची: जिवाणूंवरच्या प्रतिजैविकांनी यीस्ट मरत नाही. औषध चालू असतानाही ते देता येते, लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे तसे नाही.

*

‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे वाक्य पुरेसे नाही. कोणती? मानमोडीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा टायटर, बर्साचे वजन, आतड्यातले आयजीए, की हेटरोफिल-लिम्फोसाइटचे प्रमाण? हे आकडे नेहमी एका दिशेने जात नाहीत. शिवाय प्रतिकारयंत्रणा सतत पेटती ठेवणे पाच-सहा आठवड्यांच्या पक्ष्याला परवडत नाही. दाह झाला की तो खाणे कमी करतो आणि खाल्लेले वाढीऐवजी तिकडे खर्च होते. मला हवा आहे तो लवकर सावध होणारा आणि लवकर शांत होणारा पक्षी.

*

स्वच्छ पिंजऱ्यातल्या प्रयोगांत पुष्कळदा फरक दिसत नाही. रोगाचा ताण असेल तिथे दिसण्याची शक्यता जास्त. आपल्या शेडमध्ये ताण असतोच, पण ओले तूस आणि निप्पलच्या पाइपातला चिकट थर यांची जागा कुठलीही पावडर घेणार नाही.

*

युरोपने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, भारताने 2019 मध्ये पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. यीस्टला मागणी आली ती या वाटेने, आणि ती यावी असे मला मनापासून वाटते.

*

पुढच्या बॅचला शेड मधोमध जाळी लावून विभागायचे. एका बाजूला यीस्ट, दुसरीकडे नाही. पिल्ले एकाच हॅचरीची, लस एकाच कुपीतली, तूस एकाच गाडीतले. लासोटानंतर तीन आठवड्यांनी दोन्हीकडच्या पक्ष्यांचे रक्त टायटरसाठी पाठवायचे, आणि मर रोज सकाळी वेगवेगळी लिहायची.